घोडपदेव ते बाणगंगा : तलावांच्या नावांवरून सायकलची एक वाट



सुट्टी लागली की मुलं विचारतात, "सायकल घेऊन लांब कुठेतरी जाऊया का?" लांब म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर पवना धरण असतं, नाहीतर लोणावळा, भंडारदरा. तळं, डोंगर आणि जवळ एखादा किल्ला. ती ठिकाणं सुंदरच आहेत, पण तिथे सायकल नेणं प्रत्येक घराला जमत नाही. म्हणून आजच्या पाठात असा एक रस्ता सांगते, जो आपल्या घोडपदेवच्या नाक्यावरूनच सुरू होतो. या रस्त्यावर तलाव आहेत, टेकड्या आहेत, किल्ल्याची जागा आहे, साडेआठशे वर्षांहून जुनं कुंड आहे. गंमत एवढीच, की यातले बहुतेक तलाव आता डोळ्यांना दिसत नाहीत. ते फक्त नावांत उरले आहेत.

नवाब टँक, बाबुला टँक, दोन टाकी, सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक. ही नावं आपण रोज ऐकतो, बसच्या पाटीवर वाचतो. मुलांना विचारा, "धोबी तलावात पाणी किती आहे?" आधी हसतील. मग एखादं मूल हमखास विचारेल, "बाई, मग तिथलं पाणी गेलं कुठे?" हा सगळा पाठ त्या एका प्रश्नासाठी आहे.

सायकलच का?

बसमधून किंवा टॅक्सीतून गेलात तर मुंबई सपाट वाटते. चढ आला तर तो इंजिनाला कळतो, आपल्याला नाही. सायकलवर मात्र चढ मांडीला कळतो आणि उतार कानाला कळतो, कारण पॅडल थांबलं की चाकाची टकटक ऐकू येते. पाण्याचंही असंच आहे. ते कुठलीही पाटी वाचत नाही, फक्त उतार ओळखतं. म्हणून सायकलवर बसलेल्या मुलाला शहराचं पाणी जेवढं समजतं, तेवढं फळ्यावर नकाशा काढून समजत नाही.

मुलांना निघण्याआधी एकच सूचना द्यायची. "जिथे धाप लागेल आणि जिथे पॅडल न मारता सायकल पुढे जाईल, त्या दोन्ही जागा लक्षात ठेवा." बाकीचं रस्ता शिकवतो.

आधी जमीन समजून घेऊ

आपण राहतो त्या मुंबईच्या दक्षिण भागात दोन लांबट उंचवटे आहेत. पश्चिमेला मलबार हिल आणि कंबाला हिल. पूर्वेला माझगावची भंडारवाडा टेकडी, डोंगरी, नवरोजी हिल. डोंगरी या नावातच डोंगर आहे. या दोन उंचवट्यांच्या मधला भाग सखल. पूर्वी भरतीचं पाणी महालक्ष्मीच्या बाजूने आत शिरायचं आणि या सखल भागात पसरायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी हॉर्नबी वेलार्ड हा बांध पुरा झाला, समुद्र अडला आणि मधल्या जमिनीवर हळूहळू वस्ती वाढली.

पाण्याच्या खुणा मात्र नावांत राहिल्या. उमरखाडीत खाडी आहे. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. आपल्या शेजारच्या फेरबंदरमध्ये बंदर आहे. खारा तलाव म्हटलं की चव न घेताही पाणी कसं होतं ते कळतं.

आपली वाट पूर्वेच्या टेकडीवर चढते, मधल्या सखल भागात उतरते, समुद्रकाठाने जाते आणि पश्चिमेच्या टेकडीवर चढून संपते. जाऊन-येऊन साधारण वीस-बावीस किलोमीटर. रविवारी पहाटे साडेपाचला निघालात तर थांबत, बोलत, खात-पीत साडेदहापर्यंत घरी पोहोचता येतं.

पहिला थांबा : भंडारवाडा टेकडी, माझगाव

घोडपदेवहून बॅरिस्टर नाथ पै मार्गाला लागा आणि दक्षिणेकडे डॉकयार्ड रोड स्टेशनच्या दिशेने चला. याच परिसरात नवाब टँक रोड आहे. पहिलं तलावाचं नाव घरापासून इतक्या जवळ भेटतं.

स्टेशनच्या बाजूलाच भंडारवाडा टेकडी आहे. वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. चढ चांगलाच आहे, लहान मुलांनी सायकल ढकलत न्यावी. वर गेल्यावर बंदर, गोदी आणि खालून जाणारी हार्बर लाइनची गाडी दिसते. ही जागा टेहळणीला किती सोयीची, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. इंग्रजांनी इथे माझगावचा किल्ला बांधला होता तो याच कारणाने. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा हा किल्ला उद्ध्वस्त झाला.

उद्यानाला ज्यांचं नाव आहे ते काका बॅप्टिस्टा माझगावचेच. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले आणि कामगार चळवळीतले कार्यकर्ते. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले.

पण आपल्या पाठासाठी महत्त्वाची गोष्ट पायाखाली आहे. या बागेखाली जलाशय आहे. १८८० च्या दशकात तो बांधला गेला. लांबच्या धरणांतून येणारं पाणी इथे साठतं आणि खालच्या वस्त्यांना मिळतं. मुलांना विचारा, "एवढी जड गोष्ट टेकडीवर का नेऊन ठेवली असेल?" आत्ताच धापा टाकत वर आलेलं मूल उत्तर देतं, "कारण खाली आपोआप जाईल." बरोबर. उंचावरच्या पाण्याला खाली यायला पंप लागत नाही. नळाला जो दाब मिळतो तो या चढामुळे.

एक गोष्ट वहीत लिहून घ्यायला सांगा : इथे धाप लागली, इथे जलाशय आहे.

दुसरा थांबा : बाबुला टँक आणि दोन टाकी

टेकडी उतरून सँडहर्स्ट रोड स्टेशनकडे या आणि हँकॉक पुलावरून रेल्वे ओलांडा. जुना पूल २०१६ मध्ये पाडला होता. नवा पूल २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पूल उतरलात की आपण उमरखाडी आणि जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात येतो. बाबुला टँक नावाचे रस्ते याच भागात आहेत. काठावरच्या बाभळींवरून हे नाव पडलं असं मानतात. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. त्या काळातल्या मुंबईत नळ नव्हते. पाणी म्हणजे विहीर किंवा तलाव.

इथून पश्चिमेला मौलाना शौकत अली मार्गाने गेलात की दोन टाकीचा भाग येतो. इथे मराठीचा एक छोटा तास घेता येतो. टाकं, टाकी आणि टँक. रायगडावर किंवा शिवनेरीवर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं मुलांनी पाहिलेलं किंवा चित्रात तरी बघितलेलं असतं. इंग्रजीतला टँक हा शब्द आपल्याकडच्या, म्हणजे गुजराती-मराठीतल्या टाक्यावरूनच तिकडे गेला असं कोशकार मानतात. त्याच अर्थाचा एक पोर्तुगीज शब्दही त्यात मिसळला असावा. म्हणजे आपला शब्द साहेबाने नेला, आणि सी. पी. टँक म्हणून आपल्याच चौकाला परत दिला!

हा रस्ता सपाट आहे. मुलांनी इथे एकदाही धाप लागली असं सांगितलं नाही, तर समजा आपण त्या मधल्या सखल भागात आहोत.

तिसरा थांबा : सी. पी. टँक

सरदार वल्लभभाई पटेल मार्ग ओलांडून खेतवाडीच्या बाजूने सी. पी. टँकला या. खेतवाडी म्हणजे शेतं, शेजारचं मुगभाट म्हणजे मुगाचं शेत. शेत असेल तिथे पाणी हवंच. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल. या पारशी गृहस्थांनी १७७६ मध्ये स्वतःच्या खर्चाने इथे तलाव बांधला. पुढे तो बुजला आणि चौक झाला. आज इथे माधवबाग आहे, जवळच १८३४ मध्ये स्थापन झालेला पांजरापोळ आहे, लग्नपत्रिकांची दुकानं आहेत.

इथे मुलांना थोडा वेळ गप्प उभं करा. सकाळी सहा-साडेसहाला चौक मोकळा असतो. अडीचशे वर्षांपूर्वी याच वेळी इथे घागरी भरायला रांग लागत असेल. कोण आधी भरणार, कोणाला काठावर येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हे प्रश्न तेव्हाही होते. मोठ्या मुलांना याच ठिकाणी महाडच्या चवदार तळ्याची आठवण करून द्यावी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे ओंजळीने पाणी घेतलं. तलाव बांधणाऱ्याचं नाव पाटीवर राहतं. तलावापासून लांब ठेवलेल्या माणसांची नावं मात्र कुठल्याही पाटीवर नसतात. पाण्याचा इतिहास शिकवताना ही बाजू सुटता कामा नये.

चौथा थांबा : धोबी तलाव

काळबादेवीच्या बाजूने दक्षिणेला गेलात की धोबी तलाव. आता त्याला वासुदेव बळवंत फडके चौक म्हणतात, आणि समोर मेट्रो सिनेमा आहे. नावाचा अर्थ सांगायची गरज नाही. धोबी इथे कपडे धूत.

या तलावाचं दुसरंही एक नाव आहे. फ्रामजी कावसजी यांनी बरीच रक्कम खर्चून तलावाची पुन्हा बांधणी केली. म्हणून १८३९ मध्ये सरकारने ठराव करून या तलावाला त्यांचं नाव दिलं. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत आजही या चौकात उभी आहे. सरकारने नाव दिलं, पण लोकांनी धोबी तलाव हेच नाव ठेवलं. मुलांना विचारा, असं का झालं असेल? आमच्या वर्गातल्या एका मुलीचं उत्तर होतं, "सरकार तिथे एकदाच आलं, धोबी रोज यायचे." यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलेलं नाही.

पाचवा थांबा : गोवालिया टँक

धोबी तलावाहून मरीन लाइन्सला रेल्वे ओलांडली की समुद्र. इथून गिरगाव चौपाटीपर्यंतचा रस्ता सगळ्यात सुखाचा. सपाट, मोकळा, वारा समोरून असेल तर तेवढीच मेहनत. चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी पाणी प्या. १९२० मध्ये त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. मग विल्सन कॉलेज, बाबुलनाथ मागे टाकत गोवालिया टँकला या.

गोवालिया म्हणजे गवळी. गाई-म्हशींना पाणी पाजायला, धुवायला गवळी या तलावावर आणत. तलाव गेला, मैदान झालं. जवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ८ ऑगस्ट १९४२ रोजी याच मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी नेते अटकेत असताना अरुणा असफ अली यांनी इथे तिरंगा फडकवला. म्हणून हे ऑगस्ट क्रांती मैदान. पाच मिनिटांवर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत.

इतिहासाचं पुस्तक वाचताना मुलं "गोवालिया टँक मैदान" हे शब्द पाठ करतात. टँक आणि मैदान एकाच नावात कसे, असा प्रश्न कोणी विचारत नाही. इथे उभं राहिल्यावर विचारतात.

शेवटचा थांबा : मलबार हिल आणि बाणगंगा

आता खरा चढ. केम्प्स कॉर्नरच्या बाजूने रिज रोडने, म्हणजे बाळ गंगाधर खेर मार्गाने, हँगिंग गार्डनकडे जायचं. मलबार हिलची उंची सुमारे ५० मीटर. गियर असेल तर पहिल्यावर ठेवा, नसेल तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. वर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन. तेही जलाशयावरच वसवलेलं आहे! भंडारवाड्याला वहीत लिहिलेलं वाक्य इथे मुलं स्वतःच म्हणतात : धाप लागली, म्हणजे खाली जलाशय असणार. पूर्वेच्या टेकडीवर एक, पश्चिमेच्या टेकडीवर एक, आणि मध्ये सखल भागात बुजलेले तलाव. एवढं ज्या मुलाला समजलं, त्याला मुंबईच्या पाण्याचा नकाशा समजला.

तीन बत्तीकडे उतरून वाळकेश्वरच्या गल्लीत शिरा. शेवटी सायकल हातात धरून चाला, वाट अरुंद आणि उताराची आहे. समोर पायऱ्या, देवळं, दीपमाळा, बदकं आणि मधोमध हिरवट पाण्याचं बाणगंगेचं कुंड. शिलाहार राजांचे मंत्री लक्ष्मण प्रभू यांनी ११२७ मध्ये हे कुंड बांधलं असं सांगतात. १७१५ च्या सुमारास रामा कामत यांच्या देणगीतून त्याचा जीर्णोद्धार झाला. प्रभू रामचंद्रांनी बाण मारून इथे पाणी काढलं ही कथा आजी-आजोबांनी मुलांना जरूर सांगावी. नंतर विज्ञानाच्या बाईंनी विचारावं, "समुद्र एवढा जवळ, मग हे पाणी गोडं कसं?" पावसाचं पाणी टेकडीत मुरतं, खडकाच्या फटींतून झिरपत खाली येतं आणि वाट मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. आपण जो चढ चढलो, तोच या झऱ्याचा मालक.

दिवसभर तलावांची नुसती नावं बघत आलेल्या मुलांना इथे एकदाचं पाणी दिसतं. तेव्हा ती पायऱ्यांवर किती वेळ बसतात ते बघा. घाई करू नका.

परत येताना वाळकेश्वर रोडने उतरा आणि ऑपेरा हाऊस, नागपाडा, भायखळा असं घोडपदेवला या.

मग पाणी गेलं कुठे?

बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून हे सांगता येईल. गोष्ट तीन टप्प्यांत आहे.

पहिला टप्पा टंचाईचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वस्ती वाढली, तलाव-विहिरी पुरेनात. १८४५ मध्ये लोकांनी पाण्यासाठी ओरड केली, सरकारला समिती नेमावी लागली. पुढे साष्टी बेटावर विहार तलावाची योजना आखली गेली आणि १८६० मध्ये तिथलं पाणी नळाने शहरात आलं. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. पाणी दुरून येऊ लागलं तशी जवळच्या तलावांची गरज कमी झाली.

दुसरा टप्पा आजारांचा. वापर कमी झाला, घाण वाढली. साचलेल्या पाण्यात डास झाले. डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अभ्यास केला. १९११ च्या त्यांच्या अहवालात शहरातल्या विहिरी आणि साठवलेलं पाणी ही मलेरियाच्या डासांची घरं असल्याचं दाखवलं. त्या काळात अनेक विहिरी झाकल्या गेल्या आणि तलाव भरले गेले. "जुन्या लोकांनी तलाव बुजवून चूक केली," असं मुलांना सरळ सांगू नका. माणसं तापाने मरत होती. त्या वेळच्या लोकांनी आजार थांबवायला जे करता येईल ते केलं. पण तलाव साफ ठेवणं आणि तलाव बुजवणं हे दोन वेगळे उपाय आहेत. बाणगंगा टिकली, बाकीचे टिकले नाहीत, हा फरक मुलांसमोर ठेवावा आणि त्यांना वाद घालू द्यावा.

तिसरा टप्पा आपला. आज मुंबई सात तलावांचं पाणी पिते : विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. यातले दोनच मुंबईत आहेत. बाकीच्यांसाठी ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांकडे बघावं लागतं. तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात आणि त्याच भागातून आपली पाइपलाइन येते, हेही मुलांना माहीत हवं.

आणि आपल्या दारातलं उदाहरण? हिंदमाता. दरवर्षी पावसात तिथे पाणी तुंबतं, कारण तो भाग बशीसारखा सखल आहे. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने अलीकडच्या वर्षांत दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पावसाचं पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपण जमिनीवरचे तलाव भरले आणि आता जमिनीखाली टाक्या खोदल्या! तळं बुजवता येतं, पण उतार बुजवता येत नाही, आणि पाणी उतारच ओळखतं.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारातही एक तळं आहे. गिरणीला वाफेसाठी, यंत्रं थंड करायला पाणी लागे. त्यासाठी गिरण्यांत अशी तळी असत. तिथे वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं गेलं, त्यात हे तळंही आहे. घोडपदेव-लालबागच्या किती तरी मुलांचे आजोबा गिरणीत होते. त्यांना विचारा, "तुमच्या गिरणीत तळं होतं का?" घरबसल्या एक मुलाखत मिळेल.

निघण्यापूर्वी

पालकांच्या मनात पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो, आणि तो रास्त आहे. म्हणून काही नियम कडक पाळा.

१. इयत्ता सातवीच्या खालच्या मुलांना फक्त भंडारवाड्यापर्यंत न्या. तेवढ्यातही अर्धा पाठ होतो.

२. पाच-सहा मुलांमागे दोन मोठी माणसं. एक पुढे, एक सगळ्यात शेवटी. एका रांगेत, रस्त्याच्या डाव्या बाजूने.

३. हेल्मेट प्रत्येकाला. भाड्याची सायकल असेल तर आदल्या दिवशी दोन्ही ब्रेक, हवा आणि चेन तपासून घ्या. मलबार हिलच्या उतारावर एका ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही.

४. जे. जे. फ्लायओव्हरवर चढायचं नाही, तिथे दुचाकींना बंदी आहे. आपण खालच्या रस्त्यानेच जायचं.

५. मोठे चौक सायकलवरून उतरून, झेब्रा पट्ट्यांवरून ओलांडायचे. सी. पी. टँक आणि काळबादेवीच्या बाजूला बरेच रस्ते एकेरी आहेत. उलट्या दिशेने जायची वेळ आली तर सायकल हातात धरून फुटपाथने चालायचं.

६. पावसाळ्यात ही सहल नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

७. बाणगंगा हे श्रद्धेचं ठिकाण आहे. तिथे विधी चालू असतात. फोटो काढण्याआधी विचारा, खाऊचे कागद परत आणा.

वर्गात परत आल्यावर

गणित : २६ इंची चाकाचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर. म्हणजे परीघ साधारण २०७ सेंटिमीटर. एक किलोमीटरला चाक किती वेळा फिरेल? उत्तर सुमारे ४८३. चाकाच्या एका तारेला रंगीत फडकं बांधा आणि शाळेच्या आवारात शंभर फेऱ्या मोजून पडताळा.

विज्ञान : गवंडीकाका वापरतात तशी लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि शाळेच्या गेटपाशी व वर्गाच्या दारापाशी जमिनीची उंची किती फरकाने आहे ते मोजा. पावसात पाणी कुठून कुठे वाहील ते आधी सांगा, जूनमध्ये तपासा.

भूगोल : सायकलच्या वाटेचं उंच-सखल चित्र काढा. आडव्या रेषेवर थांबे, उभ्या रेषेवर चढ-उतार. दोन शिखरं आणि मधली बशी प्रत्येकाच्या चित्रात यायला हवी.

मराठी : तलाव, तळं, टाकं, कुंड, बारव, पुष्करणी, विहीर, आड, खाडी, बंदर. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि त्यावरून पडलेलं एक गावाचं किंवा रस्त्याचं नाव शोधा.

नागरिकशास्त्र : तुमच्या इमारतीत पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, कोण भरतं? आठवडाभर नोंद ठेवा. घरात पाणी भरण्यासाठी रोज कोण उठतं, हा रकाना विसरू नका.

तुमच्या भागातही अशी पाण्याची नावं असतीलच. ठाण्यात तर मासुंदा तलावासारखे खरेखुरे, पाण्याने भरलेले तलाव अजून आहेत, आणि त्या शहराला तलावांचं शहर म्हणतात. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, कुठेही राहत असाल, आधी नावांची यादी करा, मग त्या नावांना जोडणारी सायकलची वाट आखा. एखाद्या रविवारी मुलांना पुढे काढा आणि तुम्ही मागे राहा. कुठे थांबायचं ते त्यांना ठरवू द्या.